मूलग्रहण आणि मातीची धारणा : वैद्यांचे एक उपेक्षित कर्तव्य

शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडात प्रारंभीच एक परिभाषा येते. योगामध्ये वनस्पतीचे कोणते अंग घ्यावे हे सांगितलेले नसेल, तर मूळ घ्यावे, असा तिचा आशय आहे. आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत ही परिभाषा पाठ केली, परीक्षेत तिच्यावर टीप लिहिली आणि पुढे व्यवसायात तिचा निःशंकपणे अवलंब केला. परंतु ते मूळ जमिनीतून काढल्यानंतर मागे उरलेल्या खड्ड्याचे काय होते, हा प्रश्न परीक्षकांनी कधी विचारला नाही आणि आपणही स्वतःला विचारला नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा विचार मला ग्रंथातून सुचलेला नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात माझे चिकित्सालय व छोटी औषधनिर्माणशाळा आहे. परिसरातील एक वृद्ध गृहस्थ अनेक वर्षांपासून आम्हाला रानातील मुळ्या आणून देतात. सहा वर्षांपूर्वी ज्येष्ठ महिना लागता लागता सारिवाद्यासवासाठी मी त्यांच्याकडे उपळसरीची मोठी मागणी नोंदविली. त्यांनी आणलेला माल वजनाने कमी होता आणि मुळ्याही काडीसारख्या बारीक होत्या. मी नापसंती व्यक्त केली. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, एकदा वर येऊन बघा, मग बोला."

मी त्यांच्याबरोबर गेलो. ज्या उतारावरून ते दरवर्षी उपळसरी काढीत, तेथे जागोजागी उघडे खड्डे होते. मधल्या भागात माती अशी उरलीच नव्हती. बारीक खडी आणि तिच्याखाली काळा कातळ दिसत होता. "मुळी काढली की पावसात माती उतरते. माती उतरली की पुढच्या वर्षी मुळी धरत नाही. मला कळतं, पण तुमची मागणी या दिवसांतच येते," असे ते म्हणाले. मजजवळ उत्तर नव्हते. मागणी माझी होती, महिनाही मीच ठरविला होता, आणि त्या मुळ्या मी शास्त्रोक्त म्हणून वापरीत होतो.

मूळ मातीला कसे धरून ठेवते?

मातीची धूप म्हणजे केवळ वाहत्या पाण्याने माती नेणे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिचा प्रारंभ पावसाच्या थेंबापासून होतो. मोठा थेंब सेकंदाला सुमारे ८ ते ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. जमीन उघडी असेल तर त्या आघाताने मातीचे कण सुटे होतात, उडतात आणि पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रे बुजवून टाकतात. छिद्रे बुजली की पाणी मुरत नाही, ते पृष्ठभागावरून वाहू लागते. प्रथम पातळ थर वाहून जातो, नंतर बारीक ओघळी पडतात आणि शेवटी घळी तयार होतात.

थेंबाचा आघात पाने, गवत व पाचोळा यांवर थोपविला जातो. त्यापुढचे कार्य मात्र मुळांचे. ते चार प्रकारांनी घडते.

पहिले कार्य बंधनाचे. माती दाब सहन करू शकते, पण ताण सहन करू शकत नाही. मुळाचा गुण याच्या उलट आहे. ते ताणाला चिवट असते. सिमेंटमध्ये लोखंडी सळई घातली असता जे साधते, तेच मातीत मुळांचे जाळे असल्याने साधते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जाडीच्या मानाने बारीक मुळांचे ताणबल जाड मुळांहून अधिक असते. वरच्या थरातील माती धरून ठेवण्याचे काम प्रामुख्याने केसासारख्या बारीक मुळांकडेच असते. खरेदी करताना आपण हीच मुळे 'निरुपयोगी काडीकचरा' म्हणून बाजूला काढतो.

दुसरे कार्य संघातनिर्मितीचे. मुळांतून पिच्छिल द्रव्ये स्रवतात. मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांचे सूक्ष्म तंतू मातीच्या कणांभोवती गुंफले जातात. या दोहोंमुळे सुट्या कणांचे रवे तयार होतात आणि असे रवे पाण्यात सहजासहजी विरघळत नाहीत.

तिसरे कार्य मार्गनिर्मितीचे. जुनी मुळे मरतात, कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नलिका राहतात. याच मार्गांनी पावसाचे पाणी खोल उतरते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर मूळ हे जमिनीच्या स्रोतसांची निर्मिती करते. पाणी मुरले तर वाहणारे पाणी घटते आणि ओहोळ अधिक काळ टिकतो.

चौथे कार्य नांगराचे. वृक्षांची जाड मुळे वरचा मातीचा थर ओलांडून खालच्या मुरुमात वा खडकाच्या भेगांत शिरतात आणि वरच्या थराला खालच्या थराशी बांधून ठेवतात.

आता उलट दिशेने विचार करावा. आपण एक मूळ काढतो तेव्हा केवळ एक वनस्पती जात नाही. बंधन सुटते, संघात मोडतो, वरचे आच्छादन जाते आणि सुटी झालेली माती उतारावर ढिगाने उरते. पहिल्या पावसाला यापेक्षा अधिक काय हवे?

धुपेचे प्रमाण व मुळांची मर्यादा

ध्रुवनारायण व राम बाबू यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते. हे प्रमाण हेक्टरी सुमारे १६ टन पडते. यांपैकी सुमारे २९ टक्के माती समुद्राला मिळते आणि सुमारे १० टक्के धरणांच्या जलाशयांत साचते. उरलेली माती एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. एक सेंटिमीटर जाडीचा सुपीक थर तयार होण्यास शतके लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या हानीचे गांभीर्य कळते. या हानीचा फार मोठा भाग शेती, अतिचराई व वृक्षतोड यांमुळे होतो. औषधी मुळांच्या खणतीचा वाटा त्या मानाने लहान आहे. परंतु ती खणती नेमकी डोंगरउतारावर, वनात आणि पातळ मातीत होते. जेथे गमावण्यासारखे थोडेच आहे, तेथूनच आपण घेत आहोत.

मुळांच्या सामर्थ्याविषयी अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी, महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडी कोसळून वस्त्या गाडल्या गेल्या. अशा प्रसंगी अतिवृष्टीचे पाणी मुळांच्याही खाली जाऊन संपूर्ण उतार घसरू शकतो. मुळांची पकड साधारणतः वरच्या एक-दोन मीटरमध्ये प्रभावी असते. म्हणून 'झाडे लावा, दरड थांबेल' असे सरसकट विधान करणे शास्त्रीय नव्हे. मात्र दरवर्षी मुकाट्याने होणारी वरच्या थराची धूप रोखण्यास मुळांइतके स्वस्त व स्वतःच स्वतःची दुरुस्ती करणारे साधन दुसरे नाही.

वाळा : एकाच मुळाचे दोन धर्म

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या नित्य वापरातच आहे. षडंगपानीयातील व उशीरासवातील उशीर, म्हणजेच आपला वाळा. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात आणि अनुकूल जमिनीत तीन ते चार मीटर खोली गाठतात. मलेशियात १९९० च्या दशकात झालेल्या मोजमापात वाळ्याच्या मुळाचे सरासरी ताणबल सुमारे ७५ मेगापास्कल आढळले. हे सौम्य पोलादाच्या साधारण एक षष्ठांश आहे. गवताच्या मुळाला हे बल थोडे नव्हे.

समपातळी रेषेवर १० ते १५ सेंटिमीटर अंतराने वाळ्याची ठोंबे लावली तर एक-दोन वर्षांत दाट कुंपण तयार होते. वाहून येणारी माती त्यामागे अडते, पाणी मात्र गाळून पुढे जाते, आणि काही वर्षांत तेथे आपोआप पायरी तयार होते. जॉन ग्रीनफील्ड यांनी १९५० च्या दशकात फिजी बेटांवरील ऊसशेतीत हा प्रयोग केला. १९८० च्या दशकात त्यांनी व रिचर्ड ग्रिमशॉ यांनी जागतिक बँकेच्या माध्यमातून भारतातील पाणलोट विकासात त्याचा प्रसार केला. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. विशेष म्हणजे म्हैसूरजवळील गुंडलुपेट भागातील शेतकरी फार पूर्वीपासून शेताच्या हद्दीवर वाळा लावीत आले आहेत. परदेशी तज्ज्ञांनी ज्याचा प्रचार केला, ते ज्ञान येथील बांधावर आधीपासूनच होते.

परंतु याच वनस्पतीची दुसरी बाजूही आहे. कॅरिबियन समुद्रातील हैती हा देश वाळ्याच्या तेलाचा प्रमुख उत्पादक आहे. तेथे तेलासाठी डोंगरउतारावरील वाळा मुळासकट खणला जातो आणि त्यामुळे उताराची धूप वाढते. वनस्पती तीच, मूळ तेच. जमिनीत राहिले तर माती धरते आणि उतारावरून उपटले तर माती सोडून देते. म्हणून नियम सोपा आहे : बांधावरचा व उतारावरचा वाळा रक्षणासाठी, तो खणू नये. औषधासाठीचा वाळा सपाट, वाळुसर जमिनीत स्वतंत्रपणे लावावा.

वाळ्यासारखीच इतर तृणेही आपल्या द्रव्यसंग्रहात आहेत. सुश्रुतोक्त तृणपंचमूळातील कुश, काश, नल, दर्भ व कांडेक्षु ही पाचही गवतवर्गीय आहेत. नदीकाठी पांढरे तुरे डोलविणारे काश हे काठाची माती धरून ठेवणारे प्रमुख गवत आहे. ज्या दूर्वेला शेतकरी हरळी म्हणून शिव्या देतो, तीच बांधावर असली की बांध फुटू देत नाही.

संहितांचे मार्गदर्शन

संहिताकारांनी धुपेचा विचार आजच्या शब्दांत केलेला नाही. त्यांच्या मुखी आधुनिक विधाने घालणे योग्य नव्हे. तथापि त्यांनी घालून दिलेली बंधने या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत.

सुश्रुतांनी सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी घेण्यास योग्य भूमीचे वर्णन करताना खड्डे, खडी, दगड व विषमता यांनी बिघडलेली भूमी वगळली आहे. धूप झालेल्या जमिनीचे वर्णन याहून वेगळे ते काय असते? आपण आज ज्या उतारावरून मूळ घेतो, तो उतार आपल्याच खणतीने काही वर्षांत अग्राह्य भूमीत मोडू लागतो.

काळाविषयी चरकांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात घ्यावीत असे सांगितले आहे. मुळे प्रावृट् ऋतूत घ्यावीत असे एक मत सुश्रुतांनी नोंदविले आहे, परंतु ते स्वीकारलेले नाही. सौम्य औषधी सौम्य ऋतूत व आग्नेय औषधी आग्नेय ऋतूत घ्याव्यात, असा त्यांचा निर्णय आहे. म्हणजे उपळसरी, वाळा, शतावरी यांसारख्या शीतवीर्य द्रव्यांसाठी शिशिराचा पक्ष स्वीकारण्यास शास्त्राची अनुमतीच आहे. शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात खणलेला व लगेच बुजविलेला खड्डा पावसापूर्वी तीन महिने बसतो, त्यावर पाचोळा पडतो. ज्येष्ठात खणलेल्या खड्ड्याला मृगाच्या पावसापूर्वी असा अवधी मिळत नाही. माझी मागणी ज्येष्ठात जात होती, याचे कारण शास्त्र नव्हते. आसव घालण्याचे माझे वेळापत्रक होते.

जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात चरकांनी वायू, जल, देश व काल हे चार सामायिक भाव सांगितले. साथीच्या वेळी आपण पहिल्या दोहोंची चर्चा करतो. तिसरा भाव 'देश' आहे आणि त्याच्या बिघाडात आपलाही हात असू शकतो, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे.

मागणीचे स्वरूप

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी गोराया व वेद यांनी केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात ११७८ औषधी वनस्पतींचा व्यापार होतो. त्यांपैकी २४२ वनस्पतींचा वार्षिक व्यापार १०० टनांहून अधिक आहे. २०१४-१५ या वर्षासाठी कच्च्या वनौषधींची एकूण मागणी सुमारे ५ लाख १२ हजार टन अंदाजिली गेली. एकट्या दशमुळाचा विचार केला तरी बेल, टेटू, शिवण, पाडळ व अग्निमंथ या पाच मोठ्या वनस्पती त्यात येतात. त्यांचे मूळ काढणे म्हणजे अनेकदा संपूर्ण झाड गमावणे.

हे अंतर सह्याद्रीपुरतेही मर्यादित नाही. आरोग्यवर्धिनीमध्ये कुटकी ही इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी असते. म्हणजे आपण लिहिलेल्या प्रत्येक गोळीचा सुमारे निम्मा भाग हिमालयातील उंच, पातळ मातीच्या उतारांवर सरपटत वाढणाऱ्या एका भूमिगत खोडाचा आहे. कुटकी व जटामांसी या दोन्ही १९९७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यांचे उतार आपल्याला दिसत नाहीत, एवढाच फरक.

आपण काय करू शकतो?

१) खरेदीच्या नोंदवहीत तीन रकाने वाढवावेत : मूळ कोठून आले, कोणत्या महिन्यात काढले, वन्य की लागवडीचे. व्यापाऱ्याला उत्तर देता आले नाही, तरी प्रश्न विचारला जाऊ लागतो, हेच पहिले पाऊल आहे.

२) मागणी वर्षाच्या आरंभी, शिशिरापूर्वी नोंदवावी. आग्नेय द्रव्ये ग्रीष्मात घ्यावी लागली, तर खड्डा त्याच दिवशी माती व पाचोळ्याने बुजवून पायाने दाबण्याची अट घालावी आणि त्या श्रमाचे वेगळे पैसे द्यावेत.

३) वृक्ष-झुडपांचे सोटमूळ तोडू नये, काही बाजूची मुळे तेवढी घ्यावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच सांगितले आहे. जाड मुळांची साल घ्यावी, लहान मुळे संपूर्ण घ्यावीत, ही आपली परिभाषा याला पूरकच आहे.

४) तीव्र उतार, ओढ्याचा काठ व घळीचे तोंड येथील मूळ कोणत्याही दराने घेऊ नये.

५) शतावरी, अश्वगंधा, वाळा यांसारखी लागवडीखाली येणारी मुळे शेतातूनच घ्यावीत. शतावरीचा कोंब असलेला माथा पुन्हा लावता येतो, हे शेतकऱ्यास आवर्जून सांगावे.

६) ज्यांची पाने औषधी आहेत अशी झुडपे बांधावर लावण्यास उत्तेजन द्यावे. निर्गुडी व अडुळसा यांना गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. पाने आपल्याला मिळतात आणि मूळ मातीपाशीच राहते.

७) मुळाऐवजी खोडाची साल वा पंचांग वापरण्याचा मोह मात्र आपल्या अधिकारात करू नये. बाजारात सालवण-पिठवणीचे पंचांग व गोखरूची फळे मुळांच्या जागी सर्रास येतात. परंतु औषधिसंहितेत मूळ सांगितले असेल तर बदल हा प्रयोगशाळेतील तुलनेने व चिकित्सेतील अनुभवाने सिद्ध व्हावयास हवा. आपल्या संघटनेने पदव्युत्तर महाविद्यालयांच्या द्रव्यगुण विभागांना हा विषय संशोधनासाठी सुचवावा, अशी नम्र सूचना आहे.

यात खर्च वाढतो, हे मान्य केलेच पाहिजे. मी स्वतः गेली काही वर्षे उपळसरीला पूर्वीपेक्षा अधिक दर देतो, माघात खरेदी करतो आणि उतारावरचा माल घेत नाही. एका वर्षी माल अपुरा पडला, तेव्हा सारिवाद्यासवाची एक खेप घातलीच नाही. रुग्णांना दुसरा योग दिला. व्यवसाय बुडाला नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून आपले डोंगर पुन्हा गवताखाली आणले, हे सर्वांना ठाऊक आहे. तेथील ग्रामस्थांनी स्वतःच्या गरजांना मर्यादा घातली. आपल्या खणतीला अशी मर्यादा बाहेरून कोणी घालण्यापूर्वी आपणच घालून घेणे अधिक शोभून दिसेल.

गेल्या माघात मी पुन्हा त्या उतारावर गेलो होतो. कातळ उघडा पडलेल्या भागात काहीही उगवलेले नाही. माझ्या हयातीत तेथे माती येणार नाही. परंतु कडेच्या भागात, जेथे खणती थांबून पाच पावसाळे झाले, तेथे गवत धरले आहे आणि गवताच्या आधाराने उपळसरीचे चार-दोन वेल चढले आहेत. बरोबरच्या वृद्ध गृहस्थांना मी विचारले, "बाबा, आता घ्यायच्या का?" ते म्हणाले, "राहू द्या. आधी माती धरू द्या त्यांना."

अंग अनुक्त असता मूळ घ्यावे, ही परिभाषा आपण विसरू नये. तिच्याबरोबर हे वाक्यही लक्षात ठेवावे, एवढीच वैद्यबंधुभगिनींना विनंती.